आदर करा, पण प्रश्नही विचारा!



लोणावळ्याहून लोकलने पुण्याला निघालात, की मळवलीला लोहगड-विसापूर दिसतात. पुढे कामशेत, वडगाव, तळेगाव करत गाडी देहूरोडला पोचते. तिथल्या बुद्धविहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. थोर माणसांचा आदर मावळातल्या मुलांना वेगळा शिकवावा लागत नाही. पण आदर निराळा आणि आंधळी भक्ती निराळी, बरं का! हा फरक खुद्द बाबासाहेबांनीच सांगून ठेवलाय.

२५ नोव्हेंबर १९४९. दुसऱ्या दिवशी संविधान सभा संविधान स्वीकारणार होती. बाबासाहेबांनी सगळ्यांना बजावलं, की माणूस कितीही मोठा असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका. धर्मात भक्तीने मोक्ष मिळत असेल, राजकारणात मात्र ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते.

याचा अनुभव पुढे आपल्या देशाने घेतला. १९७१ चं युद्ध जिंकल्यावर पंतप्रधान इंदिरा गांधींची लोकप्रियता खूप वाढली. त्यांच्या पक्षाचे अध्यक्ष देवकांत बरुआ तर ‘इंदिरा म्हणजेच भारत’ म्हणू लागले! २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागू झाली. विरोधी नेते तुरुंगात गेले. पुण्याच्या येरवडा तुरुंगातही अनेकांना ठेवलं होतं. वर्तमानपत्रांत काय छापायचं, त्यावर सरकारचा पहारा बसला.

तुमचे आजी-आजोबा तेव्हा कदाचित शाळेत असतील. त्यांना विचारा. ‘तेव्हा गाड्या वेळेवर धावायच्या,’ असंही कुणी सांगेल. शिस्त चांगलीच, हो! पण ‘गाडी उशिरा आली’ असं छापायचीच चोरी असेल, तर ती खरंच वेळेवर येते की नाही, हे कळणार कसं?

त्या दिवसांतही बोलणारी माणसं होती. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध निर्भयपणे बोलल्या. पुढे त्यांनाही तुरुंगात जावं लागलं.

मार्च १९७७ मध्ये निवडणुका झाल्या. लोकांनी सरकार बदललं, रायबरेलीत खुद्द इंदिराबाई हरल्या. गंमत म्हणजे १९८० मध्ये मतदारांनीच त्यांना पुन्हा निवडून दिलं. दोन्ही वेळा कुणाला तलवार उपसावी लागली नाही, मतपत्रिकेवरच्या शिक्क्याने काम झालं. लोकशाही म्हणतात ती हीच. नेता आवडला तर निवडायचा, चुकला तर बदलायचा, आणि मधल्या काळात प्रश्न विचारत राहायचं.

आता तुमच्यासाठी एक काम. वाढदिवसाच्या फलकावर ज्यांचा फोटो पाहता, असा तुमचा एखादा आवडता नेता निवडा. त्यांची पटलेली एक गोष्ट वहीत लिहा आणि न पटलेलीही एक लिहा. दुसरी लिहिताना हात अडखळला, तर तो का अडखळला, हे आज जेवताना आई-बाबांशी जरूर बोला.