फॉरमॅट मारण्याआधी : महाराष्ट्र ज्ञान महामंडळास खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र ज्ञान महामंडळ मर्यादित,
पुणे



पंढरपुरात घरचा कॉम्प्युटर अडला की पहिला सल्ला ठरलेला असतो : "फॉरमॅट मारून घ्या." स्क्रीन काळी पडली, फॉरमॅट. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर टाकताना पट्टी मध्येच थांबली आणि तासभर हलेना, तरी फॉरमॅटच. सी ड्राइव्ह पुसला जातो आणि त्याच्यासोबत डेस्कटॉपवर ठेवलेले बहिणीच्या लग्नाचे फोटो, मुलाचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, दुकानाच्या उधारीची एक्सेल शीट हेही जातं. अडकलेला ड्रायव्हर हा बहुतेक वेळा घरच्या घरी, एकही फाइल न गमावता सुटणारा बिघाड आहे. तो सोडवायचा कसा, हे मराठी घरांना कुणीतरी नीट शिकवायला हवं. ते काम आपल्याइतकं कुणालाच साधणार नाही, म्हणून हे पत्र आपल्याला.

२००१ मध्ये आपली स्थापना झाली आणि पाठोपाठ एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटर शिकवणारा अभ्यासक्रम आला. सरकारी नोकरीसाठी हे प्रमाणपत्र लागतं म्हणून लोकांनी नावं घातली खरी, पण त्या निमित्ताने माउस कधी न धरलेली माणसं मराठीतून कॉम्प्युटर शिकली. तालुक्याच्या गावी, बाजारपेठेतल्या एखाद्या जिन्यावर आपलं अध्ययन केंद्र नाही असं महाराष्ट्रात क्वचितच दिसतं. शिक्षक, गृहिणी, तलाठी कार्यालयातले कर्मचारी, शेतकऱ्यांची मुलं अशी लाखो माणसं त्या जिन्यांवरून वर गेली. या शिक्षणाचा भर राहिला तो मशीन वापरण्यावर : पत्र लिहिणं, तक्ता मांडणं, मेल पाठवणं, ऑनलाइन अर्ज भरणं. त्या काळी तेच निकडीचं होतं. आता मशीन घरात आहे, रोज वापरात आहे आणि रोज कुठेतरी अडतं आहे.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे फक्त गेम खेळणाऱ्या पोरांचा विषय, असा समज अजून आहे. पंढरपुरात तो टिकत नाही. शेजारच्या गोपाळपूरला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना ऑटोकॅड आणि त्रिमितीय आराखड्यांची सॉफ्टवेअरं घरी चालवावी लागतात. गावात फ्लेक्सचं डिझाइन करणारे आहेत, फोटो स्टुडिओवाले आहेत, दिंड्यांचे आणि कीर्तनांचे व्हिडिओ एडिट करणारे आहेत. यातली बरीच कामं घरातल्याच एका खोलीत होतात. वारीच्या दिवसांत ही मशीनं सर्वाधिक राबतात आणि नेमके तेव्हाच रस्ते बंद असतात. गर्दीतून सीपीयू उचलून दुकानापर्यंत नेणं अशक्य, आणि सोलापूर सत्तरएक किलोमीटरवर.

अडकतं म्हणजे नेमकं काय होतं, ते जरा जवळून पाहू. ड्रायव्हर हा विंडोज आणि कार्ड यांच्यामधला दुभाषा. नवा बसवताना इन्स्टॉलर जुन्याला बाजूला करतो आणि त्या वेळी स्क्रीन काही सेकंद काळी होते, लुकलुकते. हे ठरल्याप्रमाणेच असतं. पण माहीत नसलेला माणूस इथेच घाबरून पॉवरचं बटण दाबून धरतो आणि साधी गोष्ट बिघाड होऊन बसते. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे विंडोज अपडेट. आपण एकीकडे ड्रायव्हर टाकत असतो, आणि विंडोज मागच्या मागे त्याच कार्डासाठी स्वतःकडची वेगळी आवृत्ती उतरवून बसवत असतं. दोघे एकमेकांची वाट अडवतात आणि पट्टी थांबते. तिसरं म्हणजे आधीच्या अर्धवट इन्स्टॉलचे राहिलेले अवशेष. मध्येच लाईट गेली असेल तर ते हमखास.

अशा वेळी पहिली गोष्ट म्हणजे थांबणं. टास्क मॅनेजर उघडून डिस्कची हालचाल पाहावी. आकडा हलत असेल तर काम चालू आहे. स्क्रीनच गोठली असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबावीत. ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो, एक बीप ऐकू येतो आणि उघड्या फाइलींना धक्का लागत नाही. हा उपाय विंडोजमध्येच आहे, फुकट आहे, आणि तो माहीत असलेली माणसं शोधावी लागतात.

काही वेळा दोष कार्डाच्या नावातच असतो. जुन्या बाजारात हमखास मिळणारं एनव्हिडियाचं जीटी ७३० घ्या. २०१४ मध्ये आलेल्या या एकाच नावाखाली दोन वेगळ्या पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्या : काही कार्डांत फर्मी, काहींत केप्लर. फर्मीला ३९० मालिकेपर्यंतचेच ड्रायव्हर चालतात, केप्लरला ४७० मालिकेपर्यंतचे. खोक्यावर दोन्हीकडे जीटी ७३०. कंपनीच्या साइटवरून सगळ्यात नवा ड्रायव्हर उतरवणारा माणूस दोन्ही बाबतींत अडतो आणि समजतो की कार्ड गेलं. कार्ड धडधाकट असतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्सखाली कार्डावर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स आणि तिथे हार्डवेअर आयडी निवडला की त्याची खरी ओळख मिळते. त्या ओळीतला निर्मात्याचा क्रमांक १०डीई असेल तर एनव्हिडिया, १००२ असेल तर एएमडी, ८०८६ असेल तर इंटेल. हा शेवटचा आकडा इंटेलने आपल्या १९७८ च्या गाजलेल्या प्रोसेसरवरून घेतला आहे. पुढचा डिव्हाइस क्रमांक चिप कोणती ते सांगतो. लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा यांतले दोन एकत्र नांदतात. तिथे आधी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने दिलेला ड्रायव्हर टाकावा, चिप बनवणाऱ्या कंपनीचा नंतर.

विंडोज प्रत्येक ड्रायव्हर बसवताना काय झालं ते लिहून ठेवतं, हे तर फारच थोड्यांना ठाऊक आहे. सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरात आयएनएफ नावाचं फोल्डर असतं, त्यात सेटअपएपीआय डॉट डेव्ह ही लॉग फाइल. नोटपॅडमध्ये उघडायची, शेवटाकडे जायचं आणि तीन उद्गारचिन्हं शोधायची. ज्या ओळीच्या सुरुवातीला ती तीन चिन्हं, तिथे काम फसलेलं आहे. एक चिन्ह म्हणजे नुसती ताकीद. फाइल इंग्रजीत आणि रूक्ष आहे, पण दहावी झालेल्या मुलाला शेजारी बसून एकदा दाखवली तर पुढच्या वेळी तो स्वतः उघडेल. आपल्या केंद्रांत हे शेजारी बसणारं माणूस आहे. ही सोय दुसऱ्या कुणाकडेही नाही.

मग येतो सेफ मोड. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट केलं की निळा पडदा येतो. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि शेवटी ४ हा आकडा. विंडोज साध्या ड्रायव्हरवर उभं राहतं आणि अडकलेला ड्रायव्हर बाजूला करता येतो. डिव्हाइस मॅनेजरमधलं रोल बॅक ड्रायव्हर उपलब्ध असेल तर जुना परत येतो. नसेल तर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू, हे फुकट सॉफ्टवेअर आधीचे अवशेष साफ करतं. ते चालवण्याआधी नवा ड्रायव्हर उतरवून ठेवावा आणि नेट बंद करावं, नाहीतर रीस्टार्ट होताच विंडोज पुन्हा स्वतःचा ड्रायव्हर घालून मोकळं. एक सावधगिरी मात्र शिकवायलाच हवी. नव्या लॅपटॉपांत डिस्क बहुधा कूटबद्ध असते आणि सेफ मोडला जाताना विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. आधी कागदावर लिहून ठेवली नाही तर घरच्या उपायातून घरचाच घोटाळा होतो.

सेफ मोडचं ज्ञान किती मोलाचं, ते १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिलं. आषाढी एकादशी होऊन दोनच दिवस झाले होते. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं निळ्या पडद्यावर अडकली. भारतात विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन ड्रायव्हर्सच्या फोल्डरातली एक फाइल काढून टाकायची. अनेक ठिकाणी माणसाला प्रत्येक मशीनपाशी बसून ते हाताने करावं लागलं. तिथे फॉरमॅट लागला नाही.

आणि चूक नेहमी वापरणाऱ्याचीच असते, असंही मुळीच नाही. विंडोज व्हिस्टाच्या सुरुवातीच्या काळात नोंदल्या गेलेल्या क्रॅशपैकी २८.८ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमुळे होते, हे मायक्रोसॉफ्टच्याच अंतर्गत कागदपत्रांतून २००८ मध्ये एका अमेरिकी खटल्यात बाहेर आलं. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाला १९६.७५ हा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला, कारण त्यामुळे कार्डाच्या पंख्याचं नियंत्रण बिघडून कार्डं तापत होती. एवढ्या मोठ्या कंपन्या चुकतात, तर पंढरपूरच्या इसबावीतल्या घरी अडकलेल्या पट्टीसमोर बसलेल्या मुलीने "माझ्याच हातून काहीतरी झालं" असं का मानावं?

दुरुस्ती करणाऱ्यांनाही दोष देऊन चालणार नाही. फॉरमॅटला किती वेळ लागणार हे ठरलेलं असतं, दर ठरलेला असतो, गिऱ्हाईक पैसे देतं. बिघाड शोधायला किती वेळ लागेल ते सांगता येत नाही आणि त्या शोधण्याचे पैसे द्यायला कुणी तयार नसतं. म्हणूनच हे ज्ञान गिऱ्हाइकाच्या घरात पोचायला हवं.

तंत्रज्ञान मराठी माणसापर्यंत नेण्याची पुण्याला परंपरा आहे. तिथल्याच सी-डॅक या संगणक संस्थेने १९८८ नंतर जिस्ट तंत्रज्ञान लोकांपर्यंत नेलं तेव्हा त्याचं एक रूप चक्क कार्डाचं होतं. ते पीसीत बसवलं की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटायची. मराठी माणसाच्या कॉम्प्युटरवर मराठी अक्षर दिसावं म्हणून तेव्हा इतकी खटपट झाली. आता अक्षर दिसतं, पण इन्स्टॉलर अडल्यावर पडद्यावर येणारी सूचना इंग्रजीत असते आणि ती समजावून सांगणारं मराठी पान सहज सापडत नाही.

तेव्हा आपल्याकडे मागणी अशी. एमएस-सीआयटीत बिघाड-दुरुस्तीचा एक स्वतंत्र, हाताने करायचा धडा असावा आणि त्यात अडकलेला ग्राफिक्स ड्रायव्हर हे मुख्य उदाहरण असावं, कारण त्यात थांबून पाहणं, ओळख पटवणं, लॉग वाचणं, सेफ मोड आणि बॅकअप हे सगळं एकाच ठिकाणी येतं. प्रत्येक केंद्रातलं एक जुनं मशीन फक्त बिघडवायला आणि सुधारायला राखून ठेवावं. विद्यार्थ्याने त्यात मुद्दाम चुकीचा ड्रायव्हर टाकावा आणि स्वतः काढावा. नेहमी दिसणाऱ्या सूचनांचे मराठी अर्थ आणि पायऱ्या एका पानावर छापून केंद्राच्या भिंतीवर लावाव्यात, आणि जे कधीच प्रवेश घेणार नाहीत त्यांनाही ते पान न्यायला मिळावं.

घाई आहे, कारण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. घराघरांतली जुनी मशीनं विंडोज ११ कडे ढकलली जात आहेत किंवा आहेत तशीच चालवली जात आहेत. दोन्हीकडे ड्रायव्हर अडणारच. नव्या बॅचच्या अभ्यासक्रमातच हा धडा घ्यावा, आणि पहिला प्रयोग करायला केंद्र हवं असेल तर पंढरपुरातल्या केंद्रांचा विचार व्हावा, ही विनंती.

कळावे,
पंढरपुरातील एक संगणक वापरकर्ता