दोष एकट्या फिल कॉलिन्सचा नव्हे



'जेनेसिस' या रॉक बँडवरील गेल्या अंकातला लेख मन लावून वाचला. पण गायक पीटर गॅब्रिएल १९७५ मध्ये बाहेर पडला आणि मग फिल कॉलिन्सने बँड पॉपकडे नेऊन त्याची वाट लावली, हा त्यातला निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही. कॉलिन्स उपरा नव्हता. १९७० पासून तो त्यांचा ड्रमर होता, 'नर्सरी क्राइम' या अल्बममध्ये (१९७१) एक छोटं गाणंही त्याने गायलं होतं. गॅब्रिएलनंतरचा 'अ ट्रिक ऑफ द टेल' (१९७६) ऐकून कुणी त्याला पॉप म्हणेल का? त्यातल्या पहिल्याच गाण्याचा ठेका सात मात्रांचा आहे.

पॉपकडे वळण आलं ते गिटारवादक स्टीव्ह हॅकेट १९७७ मध्ये बाहेर पडल्यावर. शिवाय १९७८ च्या 'फॉलो यू फॉलो मी' या गाजलेल्या प्रेमगीताचे शब्द माइक रदरफर्डचे आहेत, कॉलिन्सचे नव्हेत. हे लेखात यायलाच हवं होतं.

'ड्यूक'मधलं (१९८०) 'टर्न इट ऑन अगेन' लावून बघा. एवढं लोकप्रिय गाणं, पण आवर्तन तेरा मात्रांचं! चारचारच्या हिशेबाने टाळी धरली की तिसऱ्या फेरीनंतर एक मात्रा उरते आणि हात हमखास चुकतो. मला तर ते दरवेळी नव्याने मोजावं लागतं. 'इनव्हिजिबल टच'सारख्या (१९८६) तुफान खपलेल्या अल्बममध्येही दहा मिनिटांहून लांब 'डॉमिनो' आहे. त्याचा साधा उल्लेखही लेखात नसावा, याचं फार वाईट वाटलं.

– एक वाचक, ठाणे