तिरपी ओढ

दिवाळीला गावी गेलो होतो. गाव म्हणजे चकलांबा, तालुका गेवराई, जिल्हा बीड. पुतण्या यंदा अकरावीला आहे. माझा जुना लॅपटॉप दोन वर्षांपूर्वी त्याला दिला होता. मला वाटलं होतं सिनेमे बघत असेल. तर पठ्ठ्या गेम बनवत होता! चौकोनी फरश्यांचं जग, त्यात एक छोटा माणूस, तो पळतो, उड्या मारतो, खड्ड्यात पडला की मरतो. मारिओचाच वंशज म्हणा ना.

मी कौतुक करत होतो तेवढ्यात त्यानं विचारलं, "काका, हे गुरुत्वाकर्षण सरळ खाली न वढता कोपऱ्याकडं वढलं तर? म्हंजे तिरपं?"

मी काय म्हणालो असेन? "कशाला उगाच? आधी आहे ते तर पूर्ण कर."

इतकी वर्षं सॉफ्टवेअरमधे काढल्यावर हे वाक्य झोपेतसुद्धा तोंडातून येतं. कितीतरी मीटिंगांमधे मी ते ऐकलंय आणि नंतर नंतर स्वतःच म्हणायला लागलोय. पोरगं गप्प बसलं. रात्री मला चुकल्यासारखं वाटलं, म्हणून सकाळी चहा पिताना मोठ्या ऐटीत त्याला तोडगा सांगितला. म्हटलं, सोपंय रे, सगळं चित्रच ४५ अंशांत फिरव, आतलं काही बदलायला नको.

तो म्हणाला, "मग तिरपं कुठं राहिलं?"

बरोबर होतं त्याचं! त्यावर दोन दिवस विचार केला, तोच इथे मांडतोय.

आधी ज्यांना यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. असल्या गेममधे जग चौकोनांचं बनलेलं असतं. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समधली वीट १६ बाय १६ पिक्सेलची होती, आणि आजही पुष्कळ जण तेच माप धरतात. गुरुत्वाकर्षण म्हणजे कोडमधली एक ओळ. सेकंदात ६० फ्रेम, आणि दर फ्रेमला खालच्या वेगात समजा ०.५ मिळवायचे. पायाखाली फरशी आली की थांबायचं. झालं गुरुत्वाकर्षण.

आता ही ओढ खाली-उजवीकडे वळवा. पहिली चूक सगळे करतात ती म्हणजे खालीही ०.५ आणि उजवीकडेही ०.५ लावतात. पण मग तिरपी ओढ होते ०.७०७, म्हणजे ४१ टक्के जास्त. माणूस दगडासारखा पडायला लागतो. दोन्हीकडे ०.३५४ लावलं की मूळची ओढ तेवढीच राहते.

हे झालं गणित. गंमत पुढेच आहे. फरश्या जागच्या जागी आहेत, पण त्यांचे अर्थ बदलले. सपाट जमीन आता ४५ अंशांची घसरगुंडी झाली. माणूस तिच्यावर पडला की थांबत नाही, उजवीकडे घसरत जातो. घर्षण नसेल तर एका सेकंदात त्याचा वेग दर फ्रेमला २१ पिक्सेल होतो, म्हणजे एका फरशीहून जास्त. एवढ्या वेगात तो एखादी फरशी आरपार ओलांडूनही जाईल, कोडला पत्ता लागणार नाही. शेवटी कुठल्यातरी भिंतीला टेकतो आणि जमीन नि भिंत यांच्या खाचेत जाऊन बसतो. ती खाच म्हणजे नव्या जगातला 'तळ'. उजवीकडे चढत जाणारा जिना हा आता जवळजवळ सपाट रस्ता, फक्त दर पायरीला अकरा-एक पिक्सेलचा खड्डा. आणि उजवीकडे उतरणारा जिना? तो थेट कडा!

एकही फरशी न हलवता अख्खी लेव्हल नवी झाली. म्हणूनच चित्र फिरवायचा माझा तोडगा भिकार होता. चित्र फिरवलं की फरश्या शंकरपाळ्यासारख्या दिसतात, ओढ सरळ खाली दिसते, आणि उरतो तो उतारांचा एक नेहमीचा गेम. डोळा म्हणतो जमीन आणि पाय म्हणतो घसरण, या भांडणातच तर सगळी मजा आहे. मी तेच भांडण मिटवायला निघालो होतो.

मी पुतण्याला विचारलं, तुला हे सुचलं कुठून? तर म्हणे, "खालच्या रानातून."

आमचं खालचं रान दोन्ही अंगांनी उतरतं. पूर्वेलाही आणि दक्षिणेलाही, म्हणजे खरा उतार आग्नेय कोपऱ्याकडे. पण बांध सरळ आहेत, गटाची हद्द सरळ आहे, म्हणून वाफेही सरळ चौकोनी. रात्रीची लाइट आली की दादा आणि हा पोरगा दारं धरायला जातात. पाणी सोडलं की ते प्रत्येक वाफ्याच्या एकाच कोपऱ्यात साचतं आणि समोरचा कोपरा कोरडा राहतो. त्यावर दादाचा उपाय ठरलेला आहे. वाफे लहान पाडायचे आणि पाणी वरच्या कोपऱ्यातून घ्यायचं. मीही लहानपणी त्याच रानात पाणी धरलंय. पण मला ते कधी दिसलं नाही, याला दिसलं.

पुढचे दोन दिवस आम्ही दोघं कोडला बसलो. माझं मत असं झालंय की तिरपं गुरुत्वाकर्षण जमवणं अवघड नाही, अवघड आहे ते कोडमधून 'खाली' हा शब्द काढून टाकणं. तो सगळीकडे लपलेला असतो. पडण्याच्या वेगाला मर्यादा घातलेली असते ती फक्त खालच्या वेगावर, खरं तर ती ओढीच्या दिशेतल्या वेगावर हवी. 'जमिनीवर आहे का?' हा प्रश्न एक पिक्सेल खाली बघून विचारलेला असतो. आता खालीही बघायचं आणि उजवीकडेही. दोन्हीकडे फरशी असेल तर टेकलाय, एकीकडेच असेल तर घसरतोय, कुठेच नसेल तर हवेत. पूर्वी दोन अवस्था होत्या, आता तीन झाल्या. उडी मात्र नेहमी ओढीच्या बरोब्बर उलट दिशेला द्यावी असं मला वाटतं, मग पायाखाली जमीन असो की भिंत. नाहीतर खेळणाऱ्याच्या अंगठ्याला सवयच लागणार नाही.

आणि कोपरा! बहुतेक जण आधी आडवं सरकवतात, धडक तपासतात, मग उभं सरकवतात. सरळ ओढीत हे बहुधा खपून जातं. तिरप्या ओढीत माणूस फरशीच्या टोकावर अगदी नेमका येऊन आदळतो, आणि तो वरच्या अंगानं घसरेल की बाजूनं खाली जाईल हे कोडमधली कुठली ओळ आधी आहे यावर ठरतं. आम्ही एका फ्रेमची हालचाल लहान लहान तुकड्यांत केली (दादाचे लहान वाफे!) आणि अगदीच बरोबरी झाली तर आधी ज्या अंगाला टेकला होता तेच अंग धरलं.

ओढीशी खेळणारे गेम आहेत बरेच. २००७ चा सुपर मारिओ गॅलक्सी गोल ग्रहांवर पळवतो. २००९ च्या अँड येट इट मूव्ह्जमधे सगळं जगच फिरवता येतं. २०१० चा सहा व्ही ओळीनं लिहून नाव ठेवलेला गेम उडीच देत नाही, ओढ फक्त वर नि खाली उलटवतो. आमच्या पोराला हवंय ते जरा वेगळं, जग जागेवर आणि ओढ तिरपी.

यावरून भास्कराचार्य आठवले. ११५० मधल्या सिद्धान्तशिरोमणीच्या गोलाध्यायात ते म्हणतात की पृथ्वीवर जो जिथे उभा आहे त्याला आपणच वर आहोत असं वाटतं. पाव पृथ्वी दूर असलेले लोक एकमेकांना तिरपे वाटतात, पलीकडचे उलटे वाटतात, पण सगळे आपापल्या जागी आपल्याइतकेच निवांत उभे असतात. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ काढला त्याचा शिलालेख आहे. पुतण्याला हे सांगितलं तर म्हणाला, "म्हंजे तिरपं कोणीच नसतंय, बघणाऱ्यावर हाय."

माझी तक्रार माझ्याच जमातीबद्दल आहे. नवशिक्यानं काही वेगळं विचारलं की आपण त्याला वेळेचा हिशोब सांगतो, किंवा असा तोडगा देतो की मूळ प्रश्नच नाहीसा होतो. दुसरं पहिल्याहून वाईट, कारण ती मदत वाटते. मी सकाळी दिलेला तोडगा त्यानं मुकाट्यानं मानला असता तर गेम चालला असता, पण त्याला जो हवा होता तो नसता झाला.

असो. परवा त्याचा फोन आला होता. माणूस अजून एका खाचेत थरथरतोय म्हणे, थांबतच नाही. मी तोंडाशी आलेलं उत्तर गिळलं आणि विचारलं, "तुला काय वाटतं, का थरथरत असेल?"

"बघून सांगतो," म्हणाला. "आज रात्रीची लाइट हाय. दारं धरून आल्यावर बसतो."