कॉम्प्युटरच्या डोक्याला थंडावा

मैत्रिणींनो, मागच्या आठवड्यात एका भगिनीचे पत्र आले. त्या लिहितात, "मुलाने कॉम्प्युटरचे सुटे भाग मागवलेत. घरीच जोडतो म्हणतो. पण प्रोसेसरवर हीटसिंक बसवायची वेळ आली आणि त्याचा धीर खचला. खोका चार दिवस तसाच पडून आहे. चूक झाली तर एवढे पैसे पाण्यात जातील हो! काय करावं?"

बाई, तुमची भीती खोटी नाही. मी स्वतः तिच्यातून गेले आहे. गेल्या वर्षी आमच्या धाकटीला अभ्यासासाठी कॉम्प्युटर हवा होता. माझी भिशी लागली होती, त्यात थोडी भर घालून आम्ही भाग आणले. हे म्हणाले, "दुकानदाराला चार पैसे देऊ, तो जोडून देईल." पण लेकीला स्वतः करून बघायचं होतं. आणि खरं सांगू? मलाही! लग्नानंतर कित्येक वर्षं मला या घरात मिक्सरचा स्क्रूसुद्धा कुणी खोलू दिला नव्हता.

आधी हे प्रकरण काय आहे ते समजून घेऊ. प्रोसेसर म्हणजे जेमतेम ४ सेंटिमीटर लांब-रुंद चौकोनी वडी. आमचा ६५ वॉटचा होता. पूर्वीच्या ६० वॉटच्या पेटत्या बल्बला चुकून हात लागला असेल, तर तेवढी उष्णता काय असते ते तुम्हाला ठाऊकच आहे. ती ओढून घेऊन हवेत सोडायची, हे हीटसिंकचं काम. तांब्याच्या बुडाचं पातेलं आच भराभर पसरवतं ना, तेच तत्त्व. बुडाशी तांबं किंवा ॲल्युमिनियम, वर पातळ पत्र्यांची चळत आणि पुढे पंखा.

आता मधल्या पेस्टचं कारण. दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत दिसले, तरी त्यांच्यात बारीक खळगे असतात. त्यांत हवा अडकते आणि हवेतून उष्णता जवळजवळ जातच नाही. ते खळगे भरायला थर्मल पेस्ट. म्हणजे ती सांध्यापुरतीच, थापायची नाही!

सुरुवात करण्यापूर्वी

नायलॉनची किंवा सिंथेटिक साडी नको. थंडीत ती अंगावरून काढताना चटचट आवाज येतो ना, ती स्थिर वीज नाजूक भागांना घातक ठरते. सुती कपडे घालावेत, बांगड्या नि अंगठ्या काढाव्यात, पदर खोचावा. सतरंजीवर न बसता टेबलावर काम करावे. विजेची वायर काढलेली असावी आणि अधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा.

कूलर वेगळा विकत घेतला असेल तर तो तुमच्या सॉकेटचा आहे ना, आणि त्याची उंची कॅबिनेटमध्ये मावते ना, हे खोक्यावरून आधीच पाहून घ्यावे.

बसवण्याची कृती

१. सॉकेटची दांडी उचलावी. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवून तो अलगद ठेवावा. तो आपल्याच वजनाने बसला पाहिजे, दाबायचा नाही. मग दांडी खाली करावी.

२. कूलरचा तळ उलटा करून पाहावा. काही कूलरना पेस्ट कारखान्यातूनच लावलेली असते, तिथे दुसरी लावू नये. नसेल, तर प्रोसेसरच्या मधोमध मटारच्या लहान दाण्याएवढी ठेवावी. बोटाने पसरू नये, दाबाने ती आपोआप पसरते.

३. तळाला पारदर्शक प्लास्टिकची फिल्म असेल तर ती सोलून काढावी. हे वाक्य दोनदा वाचा. का, ते पुढे सांगते.

४. कूलर सरळ खाली टेकवावा. एकच स्क्रू पूर्ण आवळू नये. समोरासमोरच्या कोपऱ्यांतले स्क्रू दोन-दोन फेरे देत, आळीपाळीने घट्ट करावेत, म्हणजे दाब सारखा पडतो. स्क्रू थांबला की आपणही थांबावे.

५. पंख्याची वायर मदरबोर्डवर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागीच लावावी. उभ्या कूलरचा पंखा हवा कॅबिनेटच्या मागच्या बाजूला ढकलेल असा असावा.

आणि आमची फजिती

आम्ही सगळं नीट केलं. बटण दाबलं, पंखा फिरला, लेकीने टाळ्या पिटल्या. बायॉसच्या पडद्यावर तापमान दिसत होतं. ५५, ६८, ८०, ९१... आणि कॉम्प्युटर फट्दिशी बंद! लेक रडवेली झाली. "आई, तुझी भिशी जळली गं!" हे दारात उभे होते, पण एक शब्द बोलले नाहीत. तेच मला जास्त लागलं.

मी म्हटलं, आधी खोलून तर बघू. इथे एक खबरदारी. पिना ज्या प्रोसेसरला असतात, त्याचा कूलर सरळ वर उपटायचा नाही. पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून निघून येतो आणि पिना वाकतात. पेस्ट कोमट असतानाच, वीज तोडून, स्क्रू सोडवून, कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवावा. तसा सोडवला, तर तळाला ती प्लास्टिकची फिल्म जशीच्या तशी! दोघीही सोलायला विसरलो होतो.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने चष्मा पुसायच्या फडक्याने जुनी पेस्ट पुसली. (ते पेट घेतं, तेव्हा गॅस आणि देवघरातला दिवा दूर.) दोन्ही बाजू वाळल्यावर नवी पेस्ट लावली आणि पुन्हा बसवलं. या वेळी आकडा ४२ वर येऊन थांबला. आजचे प्रोसेसर फार तापले की आधी वेग कमी करतात, मग स्वतःच बंद होतात. त्या बिचाऱ्याने स्वतःला आणि माझ्या भिशीलाही वाचवलं होतं.

तुमच्याकडे आकडा भराभर ८०-९० कडे धावला, तर लगेच बंद करून कूलर नीट टेकलाय का आणि पंखा फिरतोय का ते पाहा. उन्हाळ्यात आकडा थोडा जास्त दिसणारच. दर दोन-तीन महिन्यांनी, कॉम्प्युटर बंद असताना, मऊ ब्रशने पत्र्यांतली धूळ झाडावी.

तेव्हा बाई, आज खोका उघडा. स्क्रू मुलालाच फिरवू द्या, तुम्ही फक्त टॉर्च धरा आणि फिल्मची आठवण करा. आणि चुकलाच, तर लगेच रागावू नका. आमच्या घरात आता मिक्सर बिघडला, तर हे पेचकस आणून आधी माझ्याच हातात देतात!