विश्लेषण : निर्वासित मुलांसोबत परदेशात सेवावर्ष... चांगले मन पुरेसे आहे का?

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२४च्या अखेरीस जगात सुमारे १२ कोटी ३२ लाख लोक सक्तीने विस्थापित झालेले होते. त्यांत साधारण ४० टक्के मुले आहेत. या मुलांसाठी काहीतरी करावे म्हणून दरवर्षी असंख्य तरुण परदेशात स्वयंसेवक म्हणून जातात. जर्मनीसारख्या देशात त्यासाठी कायद्याने आखलेली व्यवस्था आहे. पुण्या-मुंबईत जर्मन शिकणाऱ्या तरुणांनाही तिचे आकर्षण वाटते. मात्र अनोळखी देशात स्वतः रुळत असताना, घरदार गमावलेल्या मुलाला आधार देणे सोपे नाही. त्यासाठी काय लागते आणि चूक झाल्यास किंमत कोण मोजते?

सेवावर्ष म्हणजे नेमके काय?

जर्मनीत तरुणांसाठी ‘ऐच्छिक सामाजिक वर्ष’ ही योजना १९६०च्या दशकापासून कायद्याने चालते. २०११मध्ये सक्तीची लष्करी सेवा स्थगित झाली. तिला पर्याय म्हणून रुग्णालये, वृद्धाश्रम, बालगृहे येथे काम करणाऱ्या तरुणांचा ओघही त्यामुळे थांबला. ती पोकळी भरण्यासाठी १ जुलै २०११पासून ‘केंद्रीय स्वयंसेवा’ ही दुसरी योजना सुरू झाली. तिला वयाची वरची मर्यादा नाही. सेवेचा काळ साधारण १२ महिन्यांचा असतो.

स्वयंसेवकाला पगार मिळत नाही. मिळतो तो हातखर्च आणि त्याला कायद्याने कमाल मर्यादा घातलेली आहे. सामाजिक विम्याचा भार संस्था उचलते. २७ वर्षांखालील तरुणांना वर्षभरात २५ दिवसांची प्रशिक्षण शिबिरे असतात. परदेशी नागरिकांनाही या सेवेसाठी व्हिसा मिळू शकतो. २०१५च्या अखेरीस निर्वासितांशी संबंधित कामासाठी खास जागा वाढवण्यात आल्या. त्या जागांवर खुद्द निर्वासितांनाही स्वयंसेवक होता येत होते. मदत घेणारा आणि देणारा अशी कायमची विभागणी या तरतुदीने मोडली.

एकटी येणारी मुले कोणाच्या ताब्यात असतात?

२०१५मध्ये सुमारे ८ लाख ९० हजार लोक आश्रयासाठी जर्मनीत आले. त्या एका वर्षात आईवडिलांविना आलेल्या ४२ हजारांहून अधिक अल्पवयीनांना तिथल्या यंत्रणेने ताब्यात घेतले. यांतली बरीच मुले अफगाणिस्तान आणि सीरियातली होती, बहुतेक किशोरवयीन मुलगे.

अशा मुलाची जबाबदारी स्थानिक युवक कल्याण कार्यालयावर येते. न्यायालय त्याला कायदेशीर पालक नेमून देते. मूल साधारणपणे छोट्या निवासी गटात किंवा एखाद्या कुटुंबात राहते. निवासी गटात प्रशिक्षित कर्मचारी असतात आणि प्रत्येक मुलामागे एक ठरलेली व्यक्ती असते. शाळा, डॉक्टर, आश्रयाचा अर्ज या सगळ्यांचे धागे त्या व्यक्तीच्या हातात असतात.

ही व्यवस्था समजून घेतली तर स्वयंसेवकाची जागाही स्पष्ट होते. तो पालक नाही, समुपदेशक नाही आणि वकील तर नाहीच. अभ्यास घेणे, सोबत स्वयंपाक करणे, फुटबॉल क्लबपर्यंत पोहोचवणे, दवाखान्यात सोबत बसणे ही त्याची कामे. ऐकायला किरकोळ वाटतात, पण या मुलांच्या बाबतीत ती किरकोळ नसतात.

अभ्यास घेण्यात एवढे काय मोठे?

जर्मनीत २०१६च्या कायद्याने एक महत्त्वाची तरतूद आली. आश्रयाचा अर्ज फेटाळला गेला, तरी ठरावीक अटींवर व्यवसाय प्रशिक्षण घेणाऱ्या तरुणाला प्रशिक्षणाची तीन वर्षे आणि त्यानंतर नोकरीची दोन वर्षे देशात राहता येऊ लागले. म्हणजे बेकरीत, सुताराकडे किंवा इस्पितळात मिळालेली प्रशिक्षणाची जागा ही त्या मुलासाठी केवळ रोजगाराची वाट उरली नाही. परत पाठवले जाण्यापासूनचे संरक्षणही तिच्याशी जोडले गेले.

त्या जागेसाठी शाळेचा दाखला लागतो, दाखल्यासाठी गणित आणि जर्मन लागते. संध्याकाळी अपूर्णांक समजावून सांगणारा स्वयंसेवक म्हणूनच महत्त्वाचा. आठवड्यातून चार दिवस ठरल्या वेळी येऊन शिकवणारा माणूस त्या मुलाला हवा असतो. कौतुकाने डोक्यावर हात ठेवून दोन आठवड्यांत निघून जाणाऱ्याचा त्याला काही उपयोग नसतो.

भाषेचा पूल कुठे उपयोगी, कुठे धोक्याचा?

भारतीय स्वयंसेवकाकडे एक गोष्ट असते, जी जर्मन स्वयंसेवकाकडे सहसा नसते. अनेक अफगाण मुलांच्या कानावर उर्दू किंवा हिंदी पडलेली असते. काहींचे बालपण पाकिस्तानात गेलेले असते, काहींनी हिंदी चित्रपट पाहिलेले असतात. मराठी माणसाला आणखी एक गंमत जाणवते. तारीख, वकील, हक्क, हजर, दरवाजा, बाजार हे शब्द दारी भाषेतही आहेत. फारसी-अरबीतून मराठीत रुजलेले हे शब्द नेमके आश्रय मागणाऱ्याच्या रोजच्या कामाचे. परक्या देशात ओळखीचा शब्द कानी पडला की मूल मोकळे होते.

धोका इथेच सुरू होतो. थोडीफार हिंदी-उर्दू येणाऱ्या तरुणाला दुभाषा म्हणून पुढे करण्याचा मोह कार्यालयांना आणि कर्मचाऱ्यांना होऊ शकतो. आश्रयाच्या प्रकरणात प्रत्यक्ष मुलाखत निर्णायक असते. गाव कधी सोडले, धमकी कोणी दिली, कोणत्या मार्गाने आलात, यांतल्या एका चुकीच्या शब्दानेही कथनात विसंगती दिसू शकते. त्या मुलाखतीला अधिकृत दुभाषा दिला जातो आणि अल्पवयीनासोबत त्याचा कायदेशीर पालक असतो. वैद्यकीय तपासणीतही तेच पथ्य हवे. खेळताना, जेवताना, अभ्यासात मोडक्या भाषेचा पूल जरूर बांधावा, पण कागदावर सही होणार असेल तिथे स्वयंसेवकाने बाजूला व्हायला हवे.

‘तुझ्यासोबत काय झाले?’ हा प्रश्नही याच यादीतला. ही मुले आपली कहाणी पोलिसांना, अधिकाऱ्यांना, डॉक्टरांना, पालकाला सांगून थकलेली असतात. स्वयंसेवकाच्या कुतूहलापोटी ती पुन्हा सांगायला लावणे हा अन्याय आहे. मूल आपणहून बोलले तर ऐकावे आणि गंभीर काही असेल तर जबाबदार कर्मचाऱ्याला कळवावे.

नव्या संस्कृतीत कोण कोणाला शिकवते?

स्वयंसेवक स्वतःही नवखाच असतो. पाच म्हणजे पाच, पाच वाजून दहा मिनिटे नव्हेत, हे त्यालाही अंगवळणी पाडावे लागते. रविवारी दुकाने बंद असतात आणि शेजाऱ्यांना शांतता हवी असते. कचरा वेगवेगळ्या डब्यांत जातो. संध्याकाळी पाव आणि चीज एवढ्यावरच जेवण संपते, तेव्हा गरम वरणभाताची सवय असलेल्याला पहिले काही आठवडे अर्धपोटी गेल्यासारखे वाटते. वयाने मोठ्या माणसाला ‘अरे-तुरे’ करताना मराठी मुलाची जीभ अडखळते, तशीच अफगाण मुलाचीही. वडीलधाऱ्यांसमोर नजर खाली ठेवणे दोघांच्याही घरी आदराचे असते. जर्मन माणसाला मात्र तो काहीतरी लपवतो आहे असे वाटू शकते.

या समान गोंधळातून खरी मैत्री जमते. दोघेही भाषेच्या वर्गात बसतात, दोघांनाही परदेशी नागरिकांच्या कार्यालयात वेळ घेऊन जावे लागते. दोन वर्षांपूर्वी आलेला सोळा वर्षांचा मुलगा नव्या स्वयंसेवकाला ट्रामचे तिकीट कसे काढायचे ते दाखवू शकतो आणि त्यात त्याला मिळणारा मान कोणत्याही व्याख्यानाने मिळणार नाही.

मात्र ही बरोबरी अर्धीच खरी आहे. स्वयंसेवकाच्या खिशात पासपोर्ट असतो, घरी रोज व्हिडिओ कॉल होतो आणि नाही जमले तर परतीचे विमान असते. दुसऱ्याच्या आईचा ठावठिकाणा कदाचित लागलेला नसतो. ठावठिकाणा असला तरी तिला बोलावता येईलच असे नाही. दुय्यम संरक्षण मिळालेल्यांच्या कुटुंबीयांना आणण्याची सोय जर्मनीने २०१६मध्ये दोन वर्षांसाठी थांबवली होती आणि २०२५मध्ये पुन्हा दोन वर्षांसाठी स्थगित केली. ‘मलाही घरची आठवण येते’ हे वाक्य म्हणूनच जपून वापरावे लागते.

सोबत आणलेले पूर्वग्रहही तपासावे लागतात. धर्म, मांसाहार, पाकिस्तान यांविषयी घरी ऐकलेली वाक्ये बॅगेतून नकळत प्रवास करतात. रमजानमध्ये सूर्यास्तानंतरच्या जेवणाची थाळी झाकून ठेवण्याचे काम शाकाहारी हिंदू स्वयंसेवकाकडेही येऊ शकते. ते मनापासून होणार नसेल, तर त्याने दुसरे क्षेत्र निवडलेले बरे.

अठराव्या वाढदिवशी काय बदलते?

कागदपत्रे नसलेल्या अनेक मुलांची जन्मतारीख १ जानेवारी अशी नोंदली गेली आहे. त्यामुळे वर्षाच्या पहिल्याच दिवशी ती कायद्याने प्रौढ होतात. पालकाची जबाबदारी संपते. मदत २१व्या वर्षापर्यंत चालू राहू शकते, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो, गरज पटवून द्यावी लागते.

जर्मनीत सरकारी व्यवहार अजूनही टपालाने होतो. आश्रयाबाबतचा निर्णय पिवळ्या पाकिटात येऊ शकतो आणि पाकीट पोचल्याची तारीख त्यावर लिहिलेली असते. निर्णयाविरुद्ध न्यायालयात जाण्याची मुदत सर्वसाधारणपणे दोन आठवडे, काही प्रकरणांत एकच आठवडा. अठरा पूर्ण झालेल्या मुलाच्या नावाने ते पत्र थेट येते. भीतीने किंवा न कळल्याने ते टेबलावर पडून राहिले, तर हक्कच हातचा जातो. ते पाकीट पाहून त्याच दिवशी मुलाला सल्ला केंद्रात किंवा वकिलाकडे नेणारा स्वयंसेवक कदाचित वर्षभरातले सर्वांत मोठे काम करून जातो. त्यासाठी पाकिटाचा रंग आणि मुदत माहीत असावी लागते. ही माहिती चांगल्या मनाने आपोआप येत नाही, ती प्रशिक्षणातून येते.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्यातून काय शिकावे?

महाराष्ट्राला निर्वासित मुलांचा अनुभव नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियातून सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश नागरिक १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहिले. त्यांत स्त्रिया आणि मुलेच अधिक होती. छावणीत त्यांच्या भाषेतल्या शाळा होत्या, चर्च होते, स्काउट पथके होती. त्या मुलांनी पुढे आयुष्यभर कोल्हापूरची आठवण जपली. वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे आणि ऑगस्ट २०२४मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पोलंड दौऱ्यात तिथे आदरांजली वाहिली.

आश्रय देणाऱ्या भूमीचे ऋण ही या आठवणीची एक बाजू. दुसरी बाजू अशी, की त्या मुलांना काही वर्षे ओळखीची माणसे, ओळखीची शाळा आणि स्वतःची भाषा मिळाली. उद्या काय होणार हे ठाऊक नसलेल्या मुलाला आज सकाळी वर्गात कोण येणार हे तरी ठाऊक होते. निर्वासित मुलांसाठीच्या कोणत्याही कामाची कसोटी हीच असायला हवी.

मग थोडे दिवस गेले तर चालणार नाही का?

‘काहीच न करण्यापेक्षा पंधरा दिवस काम केलेले बरे’ असा युक्तिवाद केला जातो. तो निम्मा बरोबर आहे. कपड्यांची वर्गवारी, स्वयंपाकघर, तंबू उभारणी, निधी गोळा करणे ही कामे थोड्या दिवसांच्या स्वयंसेवकांनी जरूर करावीत. मुलांशी नाते जोडण्याचे काम मात्र त्यांनी घेऊ नये. माणसे हरवण्याचा अनुभव या मुलांनी पुरेसा घेतला आहे, त्यात दर महिन्याला एका लाडक्या दादाची किंवा ताईची भर घालण्याचे कारण नाही. अनाथालयांतील अशा ‘पर्यटना’च्या धोक्यांची दखल संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही २०१९च्या बालहक्क ठरावात घेतली आहे.

वर्षभर राहणाराही अखेर जातोच. म्हणून त्याच्या जाण्याची तारीख मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगायला हवी. निरोप आधीपासून ठरवायला हवा. ‘मी परत येईन’ असे वचन येणार असेल तरच द्यावे. आणि मुलांसोबतचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नयेत. ज्याच्या कुटुंबाला मायदेशी धोका आहे, त्याचा चेहरा उघड होणे ही साधी गोष्ट नाही.

जाण्याआधी काय विचारावे?

महाराष्ट्र सरकारने २०२४मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यानंतर जर्मनीकडे जाणाऱ्या वाटांबद्दलचे कुतूहल वाढले आहे. सेवावर्षाकडेही जर्मनीत शिरण्याचा सोपा दरवाजा म्हणून पाहिले जाऊ शकते. भाषा शिकणे, पुढे तिथेच प्रशिक्षण घेणे यात गैर काही नाही. पण निर्वासित मुले ही कोणाच्या करिअरची पायरी नव्हेत.

म्हणून तरुणांनी आणि त्यांच्या पालकांनी संस्थेला काही थेट प्रश्न विचारावेत. चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला जातो का? काम सुरू होण्याआधी प्रशिक्षण आहे का? मन जड झाल्यास स्वयंसेवकाने कोणाशी बोलायचे? जर्मन कायद्यानुसार स्वयंसेवकाने पगारी कर्मचाऱ्याची जागा घ्यायची नसते, मग रात्रपाळीला मुलांजवळ नेमके कोण असते? या प्रश्नांची नीट उत्तरे न देणारी संस्था मुलांच्या बाबतीतही निष्काळजी असण्याची शक्यता मोठी. जी संस्था भाषेची अट घालते, कागद मागते, निदान वर्षभर थांबायला सांगते, ती कटकटीची वाटली तरी तीच निवडावी. तिथे मुलांचा विचार आधी झालेला असतो.