स्वस्त तिकिटातील जोडणीची जबाबदारी कोणाची?

रायपूरच्या स्वामी विवेकानंद विमानतळावरून युरोप किंवा अमेरिकेला थेट विमान नाही. तात्यापारा किंवा चौबे कॉलनीतील मराठी कुटुंबाला परदेशातील मुलांकडे जायचे असेल, तर दिल्ली, मुंबई किंवा अन्य मोठ्या शहरात विमान बदलणे अपरिहार्य ठरते. सवलतीच्या दराने तिकिटे विकणाऱ्या संकेतस्थळांनी हा प्रवास अनेकांच्या आवाक्यात आणला, यात शंका नाही. मात्र पडद्यावर सर्वांत वर दिसणारा आकडा हा संपूर्ण प्रवासाचा खर्च असतोच असे नाही.

ही बाजारपेठ मुळात परदेशस्थ भारतीयांच्या आधारावर उभी राहिली. मेकमायट्रिप ही कंपनी २००० साली सुरू झाली, ती अमेरिकेतून भारतात येणाऱ्यांना तिकिटे विकण्यासाठी. देशांतर्गत बाजारात ती २००५ मध्ये उतरली. पुढच्याच वर्षी यात्रा आणि क्लिअरट्रिप यांचे आगमन झाले. तेव्हापासून दरांची तुलना घरबसल्या होऊ लागली आणि ट्रॅव्हल एजंटचे महत्त्व घटले.

स्वस्त दर दोन प्रकारे मिळतो. पहिल्या प्रकारात परस्परांशी करार असलेल्या विमान कंपन्यांची उड्डाणे एकाच तिकिटावर जोडलेली असतात. पहिल्या विमानाला विलंब होऊन पुढचे चुकले, तर प्रवाशाची पुढील व्यवस्था कंपनीला करावी लागते. दुसऱ्या प्रकारात परस्परांशी संबंध नसलेल्या कंपन्यांची दोन स्वतंत्र तिकिटे एकत्र दाखवली जातात. प्रवाशाच्या दृष्टीने हा एकच प्रवास असतो, पण व्यवहारात ते दोन वेगळे करार असतात. हिवाळ्यात दिल्लीच्या धुक्यामुळे रायपूरचे विमान उशिरा पोहोचले, तर दुसरी कंपनी त्या प्रवाशाला गैरहजर समजते आणि पुढचे तिकीट बहुधा वाया जाते.

सामानाचा हिशेबही असाच बदलतो. देशांतर्गत इकॉनॉमी वर्गात साधारणपणे १५ किलो सामान विनाशुल्क नेता येते. अमेरिकेच्या प्रवासात मात्र अनेक कंपन्या २३ किलोच्या दोन बॅगांना परवानगी देतात. एकत्रित तिकिटावर सहसा आंतरराष्ट्रीय मर्यादाच रायपूरपासून लागू होते. स्वतंत्र तिकिटे असल्यास उरलेल्या ३१ किलोंचे शुल्क रायपूरलाच भरावे लागते. शिवाय दिल्लीत टर्मिनल १ वरून टर्मिनल ३ वर, किंवा मुंबईत सांताक्रूझहून सहारला, सामानासह रस्त्याने जाण्याची वेळ येऊ शकते. विमानबदल परदेशात असेल आणि सामान स्वतः उचलून पुन्हा जमा करायचे असेल, तर त्या देशाचा व्हिसा लागण्याची शक्यता असते.

रायपूरकरांपुढे नागपूरचाही पर्याय असतो. कतार एअरवेजने डिसेंबर २०१५ मध्ये नागपूर-दोहा सेवा सुरू केल्यावर या पर्यायाला बळ मिळाले. अंतर सुमारे ३०० किलोमीटर आणि हावडा-मुंबई मार्गावरील रेल्वेगाड्यांची सोय, या त्याच्या जमेच्या बाजू आहेत. परंतु गाडीच्या विलंबाची जबाबदारी विमान कंपनी घेत नाही. म्हणजे जोखीम तीच राहते, फक्त तिचे स्थान बदलते.

परताव्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. २०२० च्या टाळेबंदीत रद्द झालेल्या तिकिटांचे पैसे परत करण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी निर्देश दिले. तरीही संकेतस्थळांमार्फत तिकिटे काढलेल्या अनेकांची रक्कम अडकून राहिली. अखेर जून २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ‘यात्रा’विरुद्ध प्रलंबित परताव्यांबाबत आदेश काढावा लागला. कंपनी एजंटकडे बोट दाखवते आणि एजंट कंपनीकडे, हा प्रवाशांचा अनुभव होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात, एजंट हा कंपनीचाच प्रतिनिधी असल्याने परताव्याची जबाबदारी कंपनीची राहील, अशी भूमिका घेण्यात आली. ही दिशा स्वागतार्ह आहे.

तथापि परताव्याचा नियम चुकलेल्या जोडणीला उपयोगी पडत नाही, कारण तिथे कोणतेही उड्डाण रद्द झालेले नसते. छुपे शुल्क आणि ग्राहकाच्या नकळत वाढवलेल्या सेवा यांना केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी फसव्या प्रथा ठरवले आहे. दोन स्वतंत्र तिकिटे एकच प्रवास असल्यासारखी दाखवताना त्यातील जोखीम बारीक अक्षरांत दडवणे, हेही त्याच दृष्टीने तपासले गेले पाहिजे.

तोपर्यंत पैसे भरण्यापूर्वी प्रवाशाने तीन गोष्टी पाहाव्यात: रायपूरपासून शेवटच्या मुक्कामापर्यंत पीएनआर एकच आहे काय, सामान थेट अखेरपर्यंत जाणार काय, आणि रद्द केल्यास परतावा कोण देणार. दरांतील फरक या तीन उत्तरांसह मोजला, तर अनेकदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाचे तिकीटच प्रत्यक्षात स्वस्त ठरते. मोठ्या शहरातील प्रवासी एका विमानात बसून थेट परदेशी पोहोचतो. रायपूरसारख्या शहरातील प्रवाशाला मात्र प्रत्येक जोडणीगणिक जोखीम पत्करावी लागते. ती निदान त्याला आधी स्पष्टपणे कळावी, ही अपेक्षा मुळीच अवाजवी नाही.