परंड्याचा किल्ला केमच्या अंगणात

दिवाळीच्या किल्ल्यासाठी कुणी अभ्यासक्रम आखला नाही की अनुदान दिले नाही, तरी पश्चिम महाराष्ट्रात तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. विटांचे तुकडे, दगड, त्यावर भिजवलेले पोते, पोत्यावर चिखल, चिखलात पेरलेले हळीव आणि कुंभाराकडून आणलेले मातीचे मावळे, एवढ्यावर मुलांचे चार-पाच दिवस सरतात. सोलापूर जिल्ह्यात, करमाळा तालुक्यातल्या केमसारख्या गावातही किल्ला म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो सह्याद्रीचा. उंच सुळका, वर जाणारी वळणाची पायवाट, माथ्यावर सिंहासन. या गावाच्या आसपास मात्र डोंगरी किल्ला नाही. करमाळ्यात निंबाळकरांचा भुईकोट आहे, सीनेपलीकडे परंड्याचा भुईकोट आहे, सोलापूर शहरात सिद्धेश्वर तलावाला लागून तिसरा आहे आणि पुढे नळदुर्ग. सपाट मुलखातले हे किल्ले उंचीच्या आधारावर उभे राहिले नाहीत. खंदक, दुहेरी तट, बुरूज आणि तोफा यांनी ते राखले. तरीही आमच्या अंगणातल्या किल्ल्याला खंदक नसतो. माझे म्हणणे असे की केमच्या अंगणात यंदा परंडा व्हावा, तो मुलांबरोबर मोठ्यांनीही करावा आणि त्यातले शिपाई, तोफा, तटबंदी चकचकीत न ठेवता वापरलेल्या, उन्हापावसाने झिजलेल्या दिसाव्यात. हा छंद नुसती करमणूक नाही. आपला मुलूख नीट पाहायला शिकवणारी इतकी स्वस्त आणि इतकी कसोटी पाहणारी दुसरी रीत मला दिसत नाही.

लढवय्यांच्या छोट्या मूर्ती रंगवून त्यांना जुनेपण आणणे हा जगभर मोठी माणसे वर्षानुवर्षे जोपासत असलेला छंद आहे. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी 1913 साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम सांगणारे अख्खे पुस्तक लिहिले, आणि तेव्हापासून या छंदाने बरीच मजल मारली आहे. त्यातला खरा कस मूर्ती रंगवून झाल्यावर लागतो. अगदी पातळ केलेला गडद रंग मूर्तीवर सोडला की तो कपड्याच्या चुण्यांत, पट्ट्याच्या कडेला, बोटांच्या बेचक्यांत उतरून बसतो, कारण खरी धूळही तिथेच बसते. जवळजवळ कोरडा कुंचला उंचवट्यांवरून फिरवला की कडा उजळतात, कारण झीज आधी कडांनाच लागते. लोखंडाचा गंज पाण्याच्या ओघळाबरोबर खाली उतरतो. तलवारीची मूठ हाताने गुळगुळीत होते, तर म्यानाचे टोक घासून खरवडते. पायी चालणाऱ्याच्या कपड्यावर धूळ खालून वर विरत जाते, स्वाराच्या अंगावर तिची जागा वेगळी असते. यातली प्रत्येक गोष्ट ठरवताना कारण द्यावे लागते. इथे डाग का? इथे का नाही? हा माणूस किती दिवस चालत होता, कुठल्या मातीतून, कुठल्या ऋतूत? ज्याला उत्तर माहीत नाही त्याचा शिपाई मळलेला दिसतो, पण खरा वाटत नाही.

मातीचा प्रश्न तर केमच्या माणसाने अगदी अधिकाराने सोडवावा असा आहे. कोकणातल्या किल्ल्याखाली लाल जांभ्याची माती असते. विजयदुर्गाच्या शिपायाच्या पायाला ती शोभेल. भीमा-सीनेच्या काठची जमीन काळी, ओली असताना चाकाला लगदा होऊन चिकटणारी आणि वाळली की राखाडी होणारी. माळावर गेले की मुरूम, तिथली धूळ फिकट. बाजारातल्या तयार किल्ल्याला ओढलेला तपकिरी रंग यांपैकी कुठल्याच मातीचा नसतो. परंड्याला निघालेला स्वार रंगवणाऱ्याने शेतातली चिमूटभर माती चाळून, फडक्यातून गाळून वापरली तर त्याहून अस्सल रंग कुठल्या दुकानात मिळणार? परदेशी छंदिष्ट अशी कोरडी रंगपूड छोट्या डब्यांतून विकत घेतात. केम हे तर कुंकवाचे गाव. कोरडी बारीक पूड कशी उडते, कुठल्या सांदीत जाऊन बसते आणि एकदा बसली की किती चिवटपणे धरून राहते, हे कुंकवाच्या कामात आयुष्य गेलेल्या हातांना सांगावे लागत नाही. हळदीला चुना लागला की ती लाल होते आणि हळदीचा रंग उन्हात विटतो, हेही त्या हातांना ठाऊक असते. रंग कसा धरतो आणि कसा उडतो याची इतकी जाण असलेले गाव या छंदाला जन्मजात लायक आहे, असे मला मनापासून वाटते.

परंड्याचाच आग्रह धरण्याचे कारण त्याच्या इतिहासात आहे. 1600 साली अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेल्यावर मलिक अंबरने निजामशाहीची गादी परंड्याला हलवली. काही काळ तरी हा भुईकोट एका राज्याची राजधानी होता. आज विजापूरच्या शेरजा बुरुजावर असलेली मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ 1549 साली अहमदनगरात ओतली गेली, नंतर परंड्यावर होती आणि 1632 साली ती विजापूरला नेण्यात आली. तिचे वजन सुमारे 55 टन सांगितले जाते. एवढे धूड परंड्याहून विजापूरला न्यायचे तर वाटेत भीमा ओलांडावीच लागते. पुस्तकात हे एका वाक्यात संपते. हाच प्रसंग हातभर पाटावर उभा करायला बसा, म्हणजे ते वाक्य पुरत नाही. गाडा किती चाकांचा असेल? काळ्या जमिनीत रुतू नये म्हणून पावसाळ्यात निघण्याची शक्यताच नाही, मग नदीला पाणी किती? बैल किती जोड्या, त्यांचा कडबा कोण वाहत होते, दोर कशाचे, ते तुटल्यावर काय? तोफेच्या अंगाचा रंगही विचार करायला लावतो. मलिक-ए-मैदान लोखंडाची नाही, ती घंटेच्या धातूच्या जातीच्या मिश्रणाची आहे. तिला तांबूस गंज दाखवला की चूक झाली. असा धातू काळपट पडतो, हिरवट छटा धरतो. शेजारच्या लोखंडी तोफेला मात्र गंज हवाच. लोखंडी आणि ओतीव मिश्रधातूची तोफ यांतला फरक इतिहासाच्या धड्यात वाचून किती जणांच्या लक्षात राहतो मला माहीत नाही. पण स्वतःच्या हाताने दोन्ही रंगवणारा तो विसरणार नाही.

हा सगळा खटाटोप म्हणजे ज्ञान नव्हे, नुसता खेळ आहे, असे म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण घराजवळचे आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत पाचव्या शतकातल्या एका चित्रात जहाज दाखवले आहे. त्यावरून नौदलाने लाकडी फळ्या काथ्याच्या दोराने शिवून एक जहाज गोव्यात बांधून घेतले. आयएनएसव्ही कौंडिण्य हे नाव घेऊन ते 21 मे 2025 रोजी कारवारला नौदलात दाखल झाले. त्या काळातल्या अशा जहाजाचा आराखडा हाती नव्हता, होते ते चित्र आणि शिवणकाम जाणणारे कारागीर. शिडे कशी पेलायची, पाण्यात तोल कसा राहायचा, याची उत्तरे बांधणाऱ्यांना शोधून काढावी लागली. जुनी वस्तू पुन्हा बांधणे किंवा दुरुस्त करणे हा तिच्याबद्दल जाणून घेण्याचा मार्ग असतो. कोकणात लाकडी होड्यांची जागा फायबरच्या होड्या घेत चालल्या आहेत. तिथे एखादी जुनी मासेमारीची होडी छंद म्हणून पुन्हा पाण्यात उतरवणाऱ्यालाही फळी कुठे कुजते, सांधे कशाने भरतात आणि सुताराने तिला तसाच बाक का दिला, हे होडीच शिकवते. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींच्या छंदातून लघु रेल्वेचे संग्रहालय उभे राहिले, ते 1998 पासून लोकांसाठी खुले आहे. एका माणसाच्या घरगुती वेडाला लोकांनी वेळ वाया घालवणे म्हटले असते तर ते संग्रहालय झाले नसते. केमपासून जवळ असलेल्या कुर्डुवाडीला 1897 साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचा वारसा आहे. अडीच फुटी रुळांची ती गाडी ब्रॉडगेजमध्ये विरून गेली. तिचा डबा, तिचे इंजिन, तिचे स्थानक लाकडात आणि पत्र्यात उभे करण्याइतपत आठवणी असलेली माणसे अजून आहेत. ती असेपर्यंतच हे काम होईल.

या म्हणण्यावर एक आक्षेप श्रद्धेतून येईल आणि तो हलका नाही. शिवरायांच्या काळातला मावळा मळका, फाटका, थकलेला दाखवायचा म्हणजे त्याचा मान कमी करायचा, असे काहींना वाटेल. सिंहासनावरची महाराजांची मूर्ती ही पूजेची असते. तिला या छंदाचे नियम लावू नयेत, तिचा रंग तसाच उजळ राहू द्यावा, असे माझेही मत आहे. मावळ्याचे मात्र उलट आहे. तो शेतातून उठून आला होता, रात्रीच्या रात्री चालत होता, त्याच्या अंगावरच्या धुळीत त्याचे श्रम आहेत. सोनेरी काठाच्या कोऱ्या अंगरख्यातला गुलाबी गालांचा शिपाई पाहून मुलाला लढाई सोपी वाटते. पायातल्या झिजलेल्या वहाणा पाहून ती कशाने जिंकली गेली हे कळते. त्यातच दुसऱ्या आक्षेपाचेही उत्तर आहे. खेळण्यातल्या शिपायांनी मुलांत युद्धाचे आकर्षण वाढते, ही काळजी रास्त आहे. पण आकर्षण झगझगीत युद्धाचे असते. जो माणूस मोडलेले चाक, लंगडणारा बैल, पाणी वाहणारा पखालवाला आणि भाकरी भाजणारी बाई आपल्या देखाव्यात मांडतो, तो युद्धाचा खर्चही मांडत असतो. परंड्याच्या तटावर निजामशाही, आदिलशाही, मोगल अशा साऱ्यांची माणसे उभी राहिली आणि त्या प्रत्येकाच्या फौजेत याच मुलखातली मराठी घरेही होती. हे एका देखाव्यात आले तर इतिहास दोन रंगांपुरता उरत नाही.

पैशाचा आणि वेळेचा आक्षेप जास्त खडा आहे. करमाळा हा पावसाची खात्री नसलेला तालुका. जिथे पिकाची आणि पाण्याची चिंता वर्षभर, तिथे छंदाची गोष्ट करणे हे पोट भरलेल्यांचे बोलणे वाटू शकते. परदेशी बनावटीची तयार मूर्ती, खास रंग, खास कुंचले घ्यायचे म्हटले तर हा छंद खरेच महाग आहे. तसा तो करावाच असे मी म्हणत नाही. शाडूची किंवा शेतातली माती, बांबूची काडी, गोणपाट, काजळी, गेरू, चुना, जुन्या सायकलची तार, एवढ्यात परंडा होतो. महाग आहे तो दुकानातला प्लास्टरचा तयार किल्ला, आणि तो घेऊन मूल काहीच शिकत नाही. वेळेबद्दल बोलायचे तर संध्याकाळचे दोन तास आज बहुतेक घरांत मोबाइलच्या पडद्यावर जातातच, आणि ते गरिबाच्या घरातही जातात. खेड्यातल्या माणसाच्या हाताला कष्ट पुष्कळ मिळतात, पण ज्यातून पैसा येणार नाही आणि तरी जे उत्तम व्हायला हवे असे काम त्याच्या वाट्याला क्वचित येते. दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला त्याचा हक्क नाही, असे मानणे मला अन्यायाचे वाटते.

एका बाबतीत मात्र सक्त राहायला हवे. जुनेपण आणायचे ते नमुन्याला, आणि दुरुस्ती करायची ती स्वतःच्या मालकीच्या वस्तूची. खऱ्या किल्ल्यातल्या खऱ्या तोफेला हात लावायचा नाही. उत्साहाच्या भरात तोफ घासून लखलखीत करणे, तिला ऑइलपेंट फासणे, तटावर सिमेंट थापणे यांनी जो पुरावा जातो तो परत येत नाही. शतकांनी धातूवर बसवलेला थर हीच तिची नोंद असते. संरक्षित स्मारकात असे काही करणे कायद्यानेही गुन्हा आहे. छंदिष्टाने परंड्याला जावे ते पाहण्यासाठी, मोजण्यासाठी, परवानगी असेल तिथे फोटो काढण्यासाठी. काळाचे काम जो छोट्या तोफेवर हाताने करून पाहतो, त्याला मोठ्या तोफेवरचे तेच काम पुसून टाकावेसे वाटणार नाही. म्हणून हौशी लोकांना किल्ल्यांपासून दूर ठेवण्याऐवजी त्यांच्या हातात नमुने द्यावेत, या मताचा मी आहे.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूदृश्ये जागतिक वारशाच्या यादीत घेतली. त्यात 12 किल्ले आहेत, 11 महाराष्ट्रातले आणि तामिळनाडूतला जिंजी. त्याचा आनंद आहेच. पण त्या यादीत सोलापूर जिल्ह्यातला किंवा शेजारच्या धाराशिवातला एकही किल्ला नाही, आणि यादीत नसलेल्या किल्ल्यांकडे आता आणखी दुर्लक्ष होईल अशी भीती आहे. सरकार काय करील ते करो. केममधल्या शाळांना, ग्रंथालयाला आणि तरुण मंडळांना माझी विनंती एवढीच आहे. यंदाच्या दिवाळीत किल्ला स्पर्धा घेणार असाल तर जवळच्या भुईकोटांसाठी वेगळे बक्षीस ठेवा. उंचीला आणि रोषणाईला गुण देऊ नका, खंदकाला, तोफेच्या धातूला आणि मातीच्या रंगाला द्या. प्रौढांचा एक गट करा. आणि भाऊबीज झाली म्हणून चांगले नमुने मोडू नका. गावात एक कोरडी खोली, दोन कपाटे आणि कुलूप एवढी सोय झाली तर पुढच्या वर्षीचे काम तिथूनच पुढे सुरू करता येईल.